सवलतीचं ओझं

१९६६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या लाखो कॉलेजच्या मुलांनी एक परीक्षा दिली. तीन तास, १५० प्रश्न. शब्दांचे अर्थ, उताऱ्यावरचे प्रश्न, गणितं, तक्ते वाचून उत्तरं द्या. कुठल्याही प्रवेशपरीक्षेत असतो तसाच पेपर. फक्त तो काढला होता लष्करभरती खात्याने. चांगले गुण पडले तर मुलगा वर्गात राहणार. गुणही कमी आणि वर्गातला नंबरही खालचा असेल, तर स्थानिक भरती मंडळ त्याच्या नावापुढची सवलत काढून घेऊ शकणार, आणि मग त्याचा रस्ता व्हिएतनामकडे. परीक्षा केंद्रांच्या दारात काही विद्यार्थी दुसरीच प्रश्नपत्रिका वाटत उभे होते. 'स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी' या संघटनेने ती छापली होती आणि तिच्यातले प्रश्न व्हिएतनामबद्दलचे होते. म्हणजे आत बसलेला मुलगा युद्धावर जावं लागू नये म्हणून उत्तरं लिहिणार, आणि बाहेर त्याला त्याच्याच वयाचं कुणीतरी विचारणार, की बाबा रे, जिथे जायला इतका घाबरतोस तिथे चाललंय काय, हे तरी ठाऊक आहे का तुला?

विद्यार्थ्यांचा युद्धविरोध म्हटलं की लांब केसांची पोरं, बंदुकीच्या नळीत खोचलेली फुलं, गिटार, घोषणा असं सगळं डोळ्यांसमोर येतं. ती चित्रं खोटी नाहीत, पण जरा जास्तच गोड आहेत. मला त्या सगळ्यापेक्षा हा पेपर महत्त्वाचा वाटत आला आहे. कारण विद्यार्थी आणि युद्ध यांच्यातला न बोललेला करार तिथे उघडा पडतो. पूर्णवेळ शिकणाऱ्याला '२-एस' असा शेरा मिळायचा, म्हणजे शिक्षण संपेपर्यंत भरती पुढे ढकललेली. कारखान्यात लागलेल्या, फी परवडत नाही म्हणून शाळेनंतर थांबलेल्या मुलाला असा शेरा नव्हता. त्यात काळी मुलं किती असणार हे सांगायला नको. सरकार विद्यार्थ्याला जणू सांगत होतं: तू शीक, तुझ्याऐवजी दुसरा कुणीतरी जाईल. बदल्यात काही मागत नाही. फक्त तो दुसरा कोण, याची चौकशी करू नकोस.

चौकशी सुरू झाली ती नेमकी याच मुद्द्यावर. त्याच मे महिन्यात शिकागो विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत ठिय्या दिला. मागणी काय, तर वर्गातले आमचे क्रमांक भरती मंडळांना कळवू नका. दिसायला किती किरकोळ मागणी! पण तिच्या पोटात शिरून पाहिलं की अंगावर काटा येतो. एकाचा नंबर वर गेला की दुसऱ्याचा खाली येणार. म्हणजे रात्र जागून अभ्यास करणारा मुलगा नकळत शेजारच्या बाकावरच्याला रणांगणाकडे ढकलत होता. आणि लाल शाईने 'ब' ऐवजी 'क' लिहिणारा मास्तर भरती अधिकाऱ्याचं काम करत होता. युद्ध आठ-दहा हजार मैलांवर नव्हतंच, ते गुणपत्रिकेत होतं.

या सगळ्याला वर्षभर आधी तोंड फुटलं होतं ते मिशिगन विद्यापीठात. तिथल्या काही प्राध्यापकांनी ठरवलं की युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस शिकवणं बंद ठेवायचं. राज्यात ओरडा झाला. गव्हर्नर, विधिमंडळ, विद्यापीठाचे वरिष्ठ, सगळे तुटून पडले: पगार घेता आणि शिकवत नाही म्हणजे काय? मग मार्शल सालिन्स या मानववंशशास्त्रज्ञाने तोडगा सुचवला. शिकवणं बंद नको, उलट जास्तच शिकवू. रात्रभर शिकवू. २४ मार्च १९६५ च्या संध्याकाळी सुरू झालेलं ते सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. सुमारे ३,००० माणसं आली. त्या काळी मुलींच्या वसतिगृहांना रात्रीच्या वेळेचं बंधन होतं, ते त्या एका रात्रीपुरतं उठवलं गेलं. मधेच बॉम्ब ठेवल्याची धमकी आली, सभागृह रिकामं करावं लागलं, तर मंडळी कडाक्याच्या थंडीत बाहेर उभी राहून बोलत राहिली. 'टीच-इन' हे नाव तिथून जगभर गेलं आणि काही आठवड्यांत कितीतरी विद्यापीठांत अशा रात्री जागवल्या गेल्या.

मला या हकिकतीतला हजरजबाबीपणा फार आवडतो. विरोधकांनी 'काम टाळता' म्हटलं, यांनी दुप्पट काम करून दाखवलं. शिवाय या युक्तीला पुढे भलतीकडेच फळ आलं. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी पर्यावरणाच्या प्रश्नावर देशभर असंच टीच-इन करायची कल्पना मांडली, आणि तिच्यातून २२ एप्रिल १९७० चा पहिला 'अर्थ डे' उभा राहिला. त्याची जुळवाजुळव करणारा डेनिस हेस तेव्हा हार्वर्डचा विद्यार्थी होता. आज शाळाशाळांतून वसुंधरा दिन साजरा होतो, रोपं लावली जातात, फोटो काढले जातात. त्याची मुळं एका युद्धविरोधी रात्रीत आहेत हे कुणी सांगत नाही.

अर्थात विद्यार्थ्यांनी युद्धाला नाही म्हणणं व्हिएतनामपासून सुरू झालं नाही. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत ठराव आला, की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३ मतांनी तो मंजूर झाला. पहिल्या महायुद्धात बाप-काके गमावलेली ती पिढी. वर्तमानपत्रांनी काहूर उठवलं. चर्चिल संतापले, त्यांच्या मुलाने ठराव कामकाजातून काढून टाकावा म्हणून प्रयत्न केला, तो पडला. कुणीतरी युनियनला एक खोकं पाठवलं, आत पांढरी पिसं. इंग्लंडात पांढरं पीस म्हणजे भेकडपणाचा शिक्का. आणि पिसं मोजून २७५. पुढच्या दोन-तीन वर्षांत या ठरावाची प्रतिज्ञा अमेरिकेत पोचली आणि तिथे हजारो विद्यार्थी एप्रिल महिन्यात ठरलेल्या वेळी वर्ग सोडून बाहेर पडू लागले. मग हिटलरने युद्ध पेटवलं, आणि याच पिढीने गणवेश चढवला. यावरून शांततावाद्यांची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात टिंगलीसारखं काही दिसत नाही. १९३३ साली त्यांच्यासमोर १९१४ चं युद्ध होतं, आणि त्या युद्धाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण हिटलरच्या जर्मनीतल्या विद्यार्थ्यांचं काय? तिथे मला थांबावंसं वाटतं. म्युनिक विद्यापीठातले हान्स शोल, अलेक्झांडर श्मोरेल, विली ग्राफ हे वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि सैन्यातही होते. टर्म चालू असली की वर्गात, सुट्टीत आघाडीवर जखमींची सेवा. १९४२ च्या उन्हाळ्यात ते रशियाच्या आघाडीवर जाऊन आले. ऐकीव माहितीवर बोलणारी ही पोरं नव्हती. परत आल्यावर 'व्हाइट रोज' या नावाने सुरू केलेली पत्रकं त्यांनी पुन्हा हाती घेतली. सहावं पत्रक त्यांचे प्राध्यापक कुर्ट हुबर यांनी लिहिलं, स्टालिनग्राडच्या पराभवानंतर, खास विद्यार्थ्यांना उद्देशून. १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि त्याची बहीण सोफी यांनी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत वर्गांच्या दाराशी गठ्ठे ठेवले. उरलेली पत्रकं सोफीने वरच्या कठड्यावरून खाली चौकात लोटली. विद्यापीठाच्या एका शिपायाने पाहिलं आणि दोघांना पकडून दिलं. हान्सच्या खिशात पुढच्या पत्रकाचा कच्चा मसुदा होता, त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्टच्या हातचा. त्याने तो फाडायचा प्रयत्न केला, तुकडे जुळले. चार दिवसांत खटला उभा राहिला, आणि २२ फेब्रुवारीला निकाल लागला त्याच दिवशी तिघांचा शिरच्छेद झाला. सोफी २१ वर्षांची, हान्स २४ चा, प्रोब्स्ट २३ चा आणि तीन मुलांचा बाप.

हे बहुतेकांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते त्यानंतरचं. याच विद्यापीठात शेकडो विद्यार्थी सभेला जमले, राज्यकर्त्यांशी निष्ठा जाहीर केली आणि त्या शिपायासाठी टाळ्या वाजवल्या. आज विद्यापीठासमोरच्या चौकाला शोल भावंडांचं नाव आहे, आणि फरसबंदीत पत्रकांच्या आकाराच्या फरशा बसवल्या आहेत, वाऱ्याने पडल्यासारख्या. तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटत असणार की आपण त्या वेळी असतो तर सोफीच्या बाजूने असतो. आकडेवारी या समजुतीच्या विरुद्ध आहे. टाळ्या वाजवणारे शेकडो होते, पत्रकं टाकणारे मूठभर.

एकदा हे लक्षात आलं की पुढचा सगळा इतिहास वेगळा वाचला जातो. युद्धाला विरोध करणारे विद्यार्थी त्यांच्या काळात लोकप्रिय नव्हते. नंतर झाले.

डिसेंबर १९६५ मधली आयोवा राज्यातली गोष्ट घ्या. डि मॉइन शहरातल्या काही मुलांनी व्हिएतनाममधल्या मृतांसाठी शोक म्हणून आणि नाताळात युद्धविराम व्हावा म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेत जायचं ठरवलं. मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची, तिचा भाऊ जॉन १५ चा, त्यांचा मित्र ख्रिस्तोफर एकहार्ट १६ चा. मुख्याध्यापकांना आधीच कुणकुण लागली होती, त्यांनी फितींवर बंदी घातली. मुलांनी बांधल्या. शाळेने घरी पाठवलं. टिंकर कुटुंबाला धमक्या आल्या, घरावर लाल रंग फेकला गेला. घोषणा नाही, मोर्चा नाही, दोन बोटं रुंदीचं कापड. खटला सुमारे तीन वर्षं चालला आणि २४ फेब्रुवारी १९६९ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी लिहिलं की विद्यार्थी असोत की शिक्षक, शाळेच्या फाटकाशी कुणी आपलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य काढून ठेवत नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या बोलण्याच्या हक्काबद्दल आजही वाद निघाला की हाच निकाल पुढे येतो. युद्ध थांबवायला निघालेल्या त्या फितीने युद्ध एक दिवसही लवकर थांबवलं नसेल. पण पुढच्या पिढ्यांना ती काहीतरी देऊन गेली.

दुसरीकडे मोठी विद्यापीठं वेगळ्याच कारणाने पेटत होती. १९६७ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला ग्रंथालयात काही कागद सापडले. लष्करासाठी शस्त्रास्त्रांचं संशोधन करणाऱ्या 'इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स ॲनॅलिसीज' या संस्थेशी आपलं विद्यापीठ जोडलेलं आहे, हे त्यातून कळलं. म्हणजे सवलत घेऊन वर्गात बसलेला विद्यार्थी युद्धापासून दूर नव्हताच; ज्या इमारतीत तो बसला होता तीच युद्धाच्या कामी लागली होती. शेजारच्या काळ्या वस्तीच्या बागेत व्यायामशाळा बांधण्याचा वाद त्यात मिसळला आणि एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलसह पाच इमारती ताब्यात घेतल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस शिरले, ७०० च्या आसपास अटका झाल्या, लाठ्यांनी डोकी फुटली. व्यायामशाळा रद्द झाली, त्या संस्थेशी असलेलं नातंही विद्यापीठाने तोडलं. पुढच्या वर्षी ४ मार्चला एमआयटीमध्ये शास्त्रज्ञ आणि विद्यार्थ्यांनी एक दिवस संशोधन थांबवून विज्ञानाचा वापर कशासाठी होतोय यावर चर्चा केली. 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स' ही अजूनही काम करणारी संघटना त्यातूनच जन्मली.

आता केंट स्टेट. ओहायोतलं हे विद्यापीठ कोलंबियासारखं नामवंत नव्हतं. साध्या घरांतली मुलं इथे शिकत. ३० एप्रिल १९७० ला अध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलं, आणि संपत आलं म्हणून सांगितलेलं युद्ध नव्या देशात शिरलं. केंटमध्ये दोन दिवस गडबड झाली, दुकानांच्या काचा फुटल्या, लष्करी प्रशिक्षणाची लाकडी इमारत जळाली. गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याच्या हाताखालचं राखीव सैन्य, पाठवलं. सोमवारी, ४ मेला दुपारी मैदानात सभा होती. सभेला बंदी आहे असं जीपमधून ओरडून सांगण्यात आलं, अश्रुधूर सोडला, वारा उलटा होता. जवान टेकडीवरून पलीकडे उतरले, थोडा वेळ थांबले, परत टेकडी चढले, आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांच्यातले काही वळले. १३ सेकंद. ६७ गोळ्या. ॲलिसन क्राउस, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर असे चार जण गेले, नऊ जखमी झाले, त्यातला एक कायमचा अधू. मेलेल्यांपैकी सर्वांत जवळचा सुमारे ८० मीटरवर होता. सँड्रा निदर्शनात नव्हती, वर्गाला निघाली होती. विल्यम तर स्वतःच लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता.

एका विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खिडकीत मायक्रोफोन ठेवला होता, त्यामुळे त्या दुपारचा आवाज उरला आहे. मी तो ऐकलाय. तेरा सेकंद हा किती मोठा काळ आहे ते तेव्हा समजतं. एखादी गोळी चुकून सुटली म्हणावं, तर ऐकताना 'आता तरी थांबा' असं दोनदा म्हणून होतं आणि तरी ते थांबत नाही.

पण मला त्याहून जास्त खोल जातो तो गोळीबारानंतरचा आवाज. भडकलेली मुलं पुन्हा जवानांकडे निघण्याच्या बेतात असताना ग्लेन फ्रँक नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्यासमोर उभे राहिले. आयुष्यात आजवर कुणाचंही ऐकलं नसेल तरी चालेल, आज माझं ऐका, ते पुढे येतील आणि इथे कत्तल होईल, मी हात जोडतो, असं ते रडवेल्या आवाजात विनवत होते. मुलं हळूहळू उठली. त्या माणसाने त्या दिवशी किती जीव वाचवले याचा हिशेब कुणी लावू शकणार नाही. तरुणपणी अशा कथांत मी विद्यार्थ्यांच्या जागी उभा राहायचो. आता नकळत त्या प्राध्यापकाच्या जागी जातो, आणि आपल्याला तसा आवाज फुटला असता का, याची खात्री वाटत नाही.

आणि टेकडीवरचे ते जवान? त्यांच्यातलेही पुष्कळ विशीतलेच. आधी ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावर होते, झोप नाही, तिथून थेट इथे. यातली सर्वांत कडू गोष्ट ही, की त्या काळात नॅशनल गार्डमध्ये नाव घालणं हा व्हिएतनाम टाळण्याचा एक नेहमीचा मार्ग होता. गार्डला सहसा तिकडे पाठवत नसत. म्हणजे मैदानात '२-एस'ची सवलत घेतलेली मुलं आणि टेकडीवर गार्डची सवलत घेतलेली मुलं. दोन्हीकडे व्हिएतनामला जावं लागू नये म्हणून वाट शोधलेली पिढी, आणि एका बाजूच्या हातात भरलेल्या रायफली. ज्यांनी हे युद्ध ठरवलं त्यांच्यापैकी कुणीही त्या दुपारी तिथे नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत देशभर चारशेहून जास्त विद्यापीठं-कॉलेजं संपात उतरली, विद्यार्थ्यांचा आकडा ४० लाखांवर गेला असं धरतात. अध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. पण त्याच महिन्यात 'न्यूजवीक'साठी घेतलेल्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी मृत्यूंचा दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला दोष देणारे ११ टक्के. म्युनिकमधल्या टाळ्या मला इथे आठवतात. परिस्थिती वेगळी, देश वेगळा, राजवट तर अगदीच वेगळी. पण 'शिकायचं सोडून हे उद्योग कशाला' हे वाक्य सगळीकडे तेच.

अकराच दिवसांनी, १५ मेच्या मध्यरात्रीनंतर, मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर चारशेहून जास्त गोळ्या झाडल्या. फिलिप गिब्ज हा २१ वर्षांचा विद्यार्थी आणि कामावरून घरी निघालेला १७ वर्षांचा शाळकरी मुलगा जेम्स ग्रीन मारले गेले. तिथला संताप नुसता युद्धाबद्दल नव्हता, गोऱ्या वाहनचालकांच्या रोजच्या छळाबद्दलही होता. देश केंटसाठी रडला तसा जॅक्सनसाठी रडला नाही. व्हिएतनामला कुणी जायचं यात जी उतरंड होती, तीच कुणासाठी रडायचं यातही होती. १९६६ च्या जानेवारीत काळ्या विद्यार्थ्यांच्या 'स्निक' या संघटनेने युद्धविरोधी निवेदन काढलं होतं, ते याच उतरंडीवर बोट ठेवून. काही दिवस आधीच टस्कीगीचा विद्यार्थी सॅमी यंग, जो स्वतः नौदलात राहून आला होता, गोऱ्यांसाठी राखीव स्वच्छतागृह वापरू पाहण्यावरून गोळी घालून मारला गेला होता. ज्या देशात हे होतं तो दुसऱ्या देशात स्वातंत्र्य पोचवणार, यावर त्या मुलांचा विश्वास बसत नव्हता इतकंच.

चळवळीच्या खात्यावर काळे डागही आहेत, ते लपवून चालणार नाही. २४ ऑगस्ट १९७० ला मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लष्कराच्या गणित केंद्राला लक्ष्य करून चौघांनी स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली. मेला तो रॉबर्ट फासनाख्ट, रात्री काम करत बसलेला पदार्थविज्ञानाचा ३३ वर्षांचा संशोधक, त्या केंद्राशी काहीही संबंध नसलेला. युद्ध थांबवण्यासाठी माणूस मारला, आणि ज्याला मारायचं ठरवलं नव्हतं तोच मेला. हे तर विमानातून बॉम्ब टाकणारेही म्हणतच होते.

आरोप असाही होतो की या मुलांना आपली कातडी वाचवायची होती, बाकी सगळं तोंडी लावायला. त्यात तथ्य आहे. १ डिसेंबर १९६९ ला, भरतीला आधी कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी, जन्मतारखांच्या चिठ्ठ्या घातलेल्या ३६६ निळ्या कुप्या एका काचेच्या भांड्यातून काढल्या गेल्या, टीव्हीवर, देशासमोर. पहिली निघाली १४ सप्टेंबर. (कुप्या नीट मिसळल्याच नव्हत्या, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त लवकर निघाल्या, हे नंतर संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. नशीबसुद्धा सरकारी पद्धतीने ढवळलं गेलं.) मोठा नंबर आलेल्या अनेकांचा राग त्या रात्रीच थंडावला. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली, आणि विद्यापीठांतल्या मैदानांवरही शांतता पसरली. चळवळीचा हा मोठाच विजय. आणि मला वाटतं, तिची मोठीच हारही. कारण त्यानंतरची युद्धं लढायला पगारी सैन्य आहे. त्यात स्वखुशीने भरती होणारी मुलं पुष्कळदा ज्यांच्याकडे फी भरायला पैसे नाहीत अशीच असतात, आणि सैन्य त्यांना शिक्षणाचा खर्च देऊ करतं. म्हणजे करार उलटा झाला: आधी शिकलास तर युद्धावर जावं लागणार नाही, आता युद्धावर गेलास तर शिकायला मिळेल.

मतदानाचा हक्क मात्र निखळ कमाई. लढायला १८ व्या वर्षी चालतो, मत द्यायला २१ का, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. १ जुलै १९७१ ला २६ वी घटनादुरुस्ती पक्की झाली आणि वय १८ वर आलं.

अमेरिकेबाहेरही विद्यार्थी उठले होते, त्यातल्या दोनच आठवणी सांगतो. जपानमध्ये १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध 'झेंगाकुरेन' या विद्यार्थी महासंघाने रान उठवलं. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या झटापटीत मिचिको कान्बा ही विद्यार्थिनी गेली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची भेट रद्द झाली आणि पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावं लागलं. करार राहिलाच. आणि कोलकाता! 'आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम' ही घोषणा तिथल्या पोरांनी इतकी दिली की १९६८ च्या नोव्हेंबरात जागतिक बँकेचे अध्यक्ष होऊन आलेल्या मॅकनमारांना, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या वेळच्या अमेरिकन संरक्षणमंत्र्यांना, विमानतळावरून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. अमेरिकन वकिलात ज्या रस्त्यावर होती त्या रस्त्याचं नाव बदलून हो चि मिन्ह सरणी केलं गेलं. वकिलातीच्या पत्त्यातच शत्रूचं नाव घालायचं, हा खास बंगाली खवचटपणा.

केंट स्टेटने स्वतः काय केलं, तर १९७७ मध्ये गोळीबाराच्या जागेच्या काही भागावर व्यायामशाळेची इमारत वाढवायला घेतली. विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले, दोन महिने बसले, जवळपास दोनशे जणांना अटक झाली, इमारत झाली. आणि २०१६ मध्ये तोच परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला. संस्थांना आपल्या बंडखोरांचा अभिमान वाटायला साधारण एक पिढी जावी लागते. कोलंबियाच्या ग्रंथालयाने १९६८ च्या उठावावर प्रदर्शन मांडलं आहे. ३० एप्रिल २०२४ ला, म्हणजे बरोबर ५६ वर्षांनी, गाझातल्या युद्धाच्या विरोधात हॅमिल्टन हॉलमध्ये शिरलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी त्याच रात्री बाहेर काढलं.

२०२४ मध्ये या युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या आवारांत ठोकलेल्या तंबूंबद्दल मतं टोकाची आहेत. ज्यू विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते; काहींना तिथे द्वेष जाणवला, काही स्वतः तंबूत बसले होते. देशभरात तीन हजारांहून जास्त अटका झाल्या. मला त्यात लक्षणीय वाटली ती मागणी. सक्तीची भरती नाही, काढून घ्यायला सवलत नाही, म्हणजे कातडी वाचवण्याचा आरोप करायलाही जागा नाही. म्हणून मुलांनी विद्यापीठाच्या पैशांकडे बोट दाखवलं: आमच्या फीवर आणि देणग्यांवर उभा राहिलेला तुमचा निधी कुठल्या कंपन्यांत गुंतवला आहे ते सांगा, आणि शस्त्रांशी संबंध असलेल्यांतून काढून घ्या.

ब्राउन विद्यापीठात तंबू उठवण्याच्या बदल्यात यावर मतदान घ्यायचं कबूल झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने प्रस्ताव फेटाळला. फेटाळताना त्यांनी लेखी सांगितलं, की प्रस्तावात नावं असलेल्या दहा कंपन्यांत आमची थेट गुंतवणूक नाही आणि अप्रत्यक्ष आहे तीही नगण्य. उत्तर पटो न पटो, ते विद्यापीठाला जाहीरपणे द्यावं लागलं. १९६७ साली कोलंबियातल्या त्या मुलाला असलीच माहिती ग्रंथालयात धूळ झटकत एकट्याने शोधावी लागली होती.